पाणसळीचं दुसरं टोक

माझ्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, आमच्या भागात कुणी नावानं ओळखत नाही. सगळे त्यांना ओळंबा म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही, पण दाजींना ते माहीत आहे, कारण आपल्यामागे कोण काय बोलतं हे हुडकून काढणं हा त्यांचा गवंडीकामाइतकाच जुना उद्योग.

ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं गवंड्याचं लोखंडी वजन. भिंतीच्या माथ्यावरून सोडलं की थोडे हेलकावे खातं आणि मग थेट खाली बघत थांबतं. दोरी आणि भिंत यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखं अंतर राहिलं तर भिंत सरळ, नाहीतर कुणीतरी काम उरकून टाकलेलं. दाजी तो सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरतात. त्या वजनानं खिसा कायम ओढलेला असतो आणि ताई दर दोन महिन्यांनी त्याला आतून नवं कापड लावते.

माझं लग्न झाल्यावर दाजी पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा चहाचा कप तसाच ठेवून त्यांनी आमच्या नव्या भिंतीला ओळंबा लावला. "वरून अर्धं बोट बाहेर आलीय," ते म्हणाले. "छपरावर काय ठेवलंय?" पाण्याची टाकी आहे, चांगली हजार लिटरची, असं आमच्या ह्यांनी कौतुकानं सांगितलं. दाजी म्हणाले, "हजार लिटर म्हणजे हजार किलो. पंधरा पाहुणे छपरावर आणून बसवलेत, आणि तेही खाली आधार नाही अशा जागी. हे पाहुणे कधी घरी जायचे नाहीत." आठवडाभर आमच्या घरात त्यांची टवाळी चालली. मग भिंतीला बारीक चीर दिसली आणि ह्यांनी मुकाट्यानं टाकी खांबावरच्या कोपऱ्यात हलवून घेतली. मला दाजींचा राग येतो तो याचसाठी. माणूस खोटा ठरत नाही.

दुकानात साखर घेताना ते पारडी अदलाबदल करायला लावतात. कुणी हसून बोललं की याला काय हवंय म्हणून दोन पावलं मागे सरकतात. शेजाऱ्यानं एकदा त्यांची शिडी मागितली, तर परत आल्यावर त्यांनी तिच्या पायऱ्या मोजल्या. घराच्या दाराची कडी स्वतः लावली असली तरी दोनदा ओढून बघतात. ताईनं लावली असेल तर मात्र एकदाही नाही. हे मी पुष्कळ वर्षं पाहिलंय, आणि खरं सांगायचं तर त्या एका गोष्टीपायी मी दाजींचं बाकी सगळं पोटात घातलंय.

याचं मूळ त्यांच्या पाणसळीत आहे. ओळंबा उभी रेघ दाखवतो. आडव्या रेघेसाठी पाणसळ. बाजारात त्यासाठी काचेत बुडबुडा असलेली पट्टी मिळते, पण लांबच्या कामाला दाजी नळीच वापरतात. बोटाएवढी जाड, पारदर्शक, पन्नास हात लांब, पाण्यानं भरलेली. एक टोक इथं, एक तिथं, दोन्ही उघडी. मध्ये नळी वेटोळी होऊन पडू दे नाहीतर जिन्यावरून उतरून दुसरीकडे चढू दे, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीला येऊन थांबतं. एकीकडे जरा जास्त चढलं तर तिकडचा दाब वाढतो आणि ते दुसरीकडच्या पाण्याला ढकलतं. दोन्हीकडून दाब सारखा झाला की ढकलाढकली बंद. मध्ये हवा तेवढी अडकता कामा नये, म्हणून काम सुरू करायच्या आधी दाजी अर्धा तास नळीला टिचक्या मारत बसतात.

या अवजाराची एकच अडचण आहे. त्याला दोन माणसं लागतात. आपल्या टोकातलं पाणी मूळ खुणेला टेकलं की एकानं "झालं" म्हणून हाक द्यायची आणि दुसऱ्यानं आपल्याकडे रेघ मारायची. म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्यात संशयी माणसाला दुसऱ्याच्या शब्दावर रेघ मारावी लागते. तरुणपणी दाजींनी सहा जोडीदार बदलले. सगळे हात दुखले की "झालं" म्हणायचे. सहावा भांडून निघून गेला त्या दिवशी दाजींनी कामावर घमेली वाहणाऱ्या एका मुलीच्या हातात टोक दिलं. इकडून विचारलं, झालं? ती म्हणाली, नाही. थोड्या वेळानं विचारलं, झालं का आता? नाही, पाणी अजून हलतंय. अशी ती पाच वेळा नाही म्हणाली. दोन महिन्यांनी त्यांनी तिला लग्नाचं विचारलं. आमच्या घरी याला प्रेमविवाह म्हणतात. मी म्हणते, माणसाला बायको नको होती, पाणसळीचं दुसरं टोक हवं होतं.

ते टोक ताईनं एकतीस वर्षं धरलं. तिनं "झालं" म्हटलं आणि दाजींनी पुन्हा विचारलं असं कधी झालं नाही. गेल्या वर्षी तिला चष्मा लागला. मी तिच्या मागे लागले होते की आता पुरे कर, गुडघे बोलायला लागलेत, तुला काय कुणी बक्षीस देणार आहे का? ती हसायची. एकदा गमतीत मी म्हणाले, "एकदा खुशाल चुकीचं झालं म्हण. दाजी स्वतःच तुला घरी बसवतील." तेव्हाही ती हसली. ते वाक्य पुढे मला चांगलंच महागात पडणार होतं.

मी एका लॉन्ड्रीत रफू आणि बटणांचं काम करते. इमारत चढावर आहे. पुढून रस्त्याला लागून, मागून एक मजला उंच. वर इस्त्रीची खोली, तिथंच भिंतीला लागून माझं शिलाई मशीन. खाली कोठार आणि बॉयलर. मालकीणबाईंना मागच्या बाजूला, खांबांवर उभी अशी धुण्याची नवी खोली बांधायची होती. काम दाजींना मिळालं ते माझ्या शब्दावर.

त्या खोलीच्या जमिनीला उतार हवा होता. इस्त्रीच्या खोलीकडची बाजू वर, बाहेरची बाजू दीड बोट खाली, म्हणजे टबातलं पाणी सोडलं की आपोआप बाहेरच्या गटारीकडे जाईल. दाजींनी माझ्या मशीनशेजारी भिंतीत एक खिळा ठोकला. सगळी मापं त्या खिळ्यावरून घ्यायची. मधली भिंत धूळ उडेल म्हणून शेवटी फोडायची होती आणि खिडकीवरून नळी नेली तर उंचवट्यावर हवा बसते. म्हणून नळी खिळ्यापासून जिन्यानं खाली, कोठारातून मागच्या गल्लीत, आणि तिथून खांबाला लागून पुन्हा वर अशी न्यावी लागली. जायला एक मजला, यायला एक मजला.

भिंतीकडच्या खुणा त्यांनी सकाळी घेतल्या. बाहेरच्या खांबांपुढे उभं राहायला सुताराच्या फळ्या लागायच्या होत्या, त्या लागेपर्यंत दुपारचे तीन झाले. दुसरा कुणी असता तर सकाळच्या खुणेवरून दोरी ताणून मोकळा झाला असता. दाजी तसं करत नाहीत. "खुणेवरून खूण घ्यायची नाही," असं ते म्हणतात. "पहिली चुकली असेल तर दुसरीही चुकणार. जायचं ते मूळ खिळ्याकडे." स्वतः मारलेल्या रेघेवरही ज्याचा भरवसा नाही, त्याच्याशी वाद कोण घालणार? ताई माझ्या मशीनजवळ टोक धरून उभी राहिली. खिळ्याशी डोळे नेऊन, श्वास रोखून बघत होती. मग तिनं जिन्यात हाक दिली, "झालं." मी शर्टाला बटण लावत होते, मी ऐकलं.

महिनाभरानं खोली तयार झाली, भिंत फोडली, दार बसलं. पहिल्याच दिवशी दोन टब एकदम सोडले आणि पाणी गटारीकडे जाईना. ते सगळीकडे पसरलं, घोट्याएवढं साचलं आणि दाराखालून इस्त्रीच्या खोलीत आलं. एका हॉटेलच्या इस्त्री केलेल्या चादरी फळीवर रचल्या होत्या. खालच्या दोन थप्प्या भिजल्या. मालकीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, ते जास्त वाईट होतं.

दाजी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर त्यांनी पाणसळ लावली, या वेळी आतलं टोक तारेनं खिळ्याला बांधून, स्वतःच वर-खाली करत. साठीचा माणूस जिना चढतोय, उतरतोय, धापा टाकतोय. बाहेरच्या खांबांवरच्या रेघा दीड बोट वर निघाल्या. म्हणजे जेवढा उतार द्यायचा होता नेमका तेवढाच गेला होता. जमीन सपाट झाली होती.

त्यांनी ताईला बोलावून घेतलं. मालकीणबाई होत्या, खालून बॉयलरवाले काका वर आले होते, मी होते. दाजी आवाज न चढवता बोलले, वकिलानं उलटतपासणी घ्यावी तसे.

"पाणी खोटं बोलत नाही. रेघ मी मारली. झालं तू म्हणालीस."

"पाणी खिळ्याला होतं, तेव्हाच म्हणाले," ताई म्हणाली.

"चष्म्यातून दिसलं?"

"दिसलं."

"मग घरी जायची घाई होती?"

दाजींनी माझ्याकडे बोट केलं. "ही रोज तुझे कान भरते ते मला कळत नाही असं समजू नका. काम सोड, काम सोड. चुकवल्याशिवाय सुटणार कसं?"

ती गंमत आम्हा दोघींतली होती. ते नेमकं तिथंच कसे पोचले हे मला आजही कळलेलं नाही. संशयी माणसाचं हेच वाईट असतं. दहा दगड मारतो, एखादा लागतो.

ताईनं डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, त्याची घडी केली, खिडकीत ठेवली आणि ती निघून गेली. आपल्या घरी नाही, माझ्या घरी. संध्याकाळी मी पोचले तर ती भांडी घासून मोकळी झाली होती. म्हणाली, "शनिवारी लेकीकडे जाते. ती कधीपासून बोलावतेय, खोली रिकामी आहे. आता तिथंच राहीन."

"कायमची?"

"ज्याला माझा शब्द पुरत नाही, त्याच्या घरात मी काय करू?"

तो मंगळवार होता. ताई कधी भांडत नाही, म्हणून तिनं ठरवलं की ठरवलं. एकतीस वर्षांचा संसार दीड बोटावर मोडायला निघाला होता, आणि लेकीला फोनही झाला होता. मी दाजींच्या नावानं बोटं मोडली. चारचौघांत बायकोला खोटं पाडणारा, दुसऱ्याच्या घरच्या भिंती मोजणारा, असलं बरंच काही. ह्यांनी शेवटी जेवू दे म्हणून सांगितलं.

पण आता खरं सांगते. बुधवारी सकाळी मी ताईला सुईत दोरा ओवायला दिला. माझे हात ओले आहेत असं कारण काढलं. तिनं एका झटक्यात ओवला. कामाला निघताना डब्यात औषधाची पट्टी सापडली तर मी म्हटलं, "बघ गं, यावरची तारीख उलटून गेली का?" मुंगीएवढ्या अक्षरातली तारीख तिनं वाचून दाखवली. संध्याकाळी गॅलरीतून मी रस्त्याच्या टोकाला आलेल्या बसचा नंबर विचारला. तोही बरोबर. तिचे डोळे ठणठणीत होते. याचा आनंद व्हायचा सोडून माझा घोर वाढला. डोळे चांगले, कान चांगले, मग ते "झालं" चुकलं कसं? मीच म्हटलं होतं ना, खुशाल चुकीचं म्हण म्हणून? तिनं ते मनावर तर घेतलं नव्हतं? मी तिच्याकडे बघायची आणि ती वर बघायच्या आत नजर काढून घ्यायची. विचारलं मात्र नाही. विचारायला मी काय दाजी आहे, असं स्वतःला समजावत राहिले.

तिकडे दाजींचं दुसरंच चाललं होतं. बुधवारी त्यांना मालकीणबाईंसमोर चूक दाखवून द्यायची होती, म्हणजे वरचा थर फोडायची परवानगी मिळेल. बाईंना वेळ मिळाला तीन वाजता. दाजींनी नळी लावली, बाईंना खांबाशी नेलं आणि बघतात तर पाणी नेमकं त्यांच्या जुन्या रेघेवर उभं. काल सकाळी दीड बोट खाली होतं, आता रेघेवर. म्हणजे रेघ बरोबर, ताई बरोबर, आणि तरीही जमीन सपाट. बाई म्हणाल्या, "आधी तुमचं तुम्ही ठरवा, मग मला बोलवा," आणि निघून गेल्या.

दाजी माझ्या मशीनशी आले. "खिळ्याला हात लावलास?"

"मला दुसरे उद्योग आहेत," मी म्हणाले.

"नळीला धक्का?"

"दाजी, मी बटणं लावते. नळ्या लावत नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही. गुरुवारी त्यांनी सकाळी सातला नळी लावली. दोन्ही टोकं खिळ्यांना तारेनं आवळून बांधली. आत आणि बाहेर, दोन्हीकडे नळीवर पाण्याच्या उंचीला शिसपेन्सिलीची खूण केली. मग मला मशीनसकट तीन हात लांब सरकवलं आणि आतल्या टोकासमोर स्टूल टाकून बसले. चहा प्यायला उठले नाहीत. कुणी जवळून गेलं की हात आडवा घालायचे. इस्त्रीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. दर तासाला ते बाहेर पळत जाऊन बघून यायचे, आणि जाताना माझ्याकडे असं बघायचे की जणू पाठ फिरली की मी नळीतलं पाणी पिऊन टाकणार आहे.

आतलं पाणी खुणेवरून केसभरही हललं नाही. बाहेरचं अकरापर्यंत जागेवर होतं. ती बाजू पश्चिमेची. सकाळी तिथं इमारतीचीच सावली असते. बारानंतर खांबावर ऊन आलं. एक वाजता बाहेरचं पाणी खुणेच्या अर्धं बोट वर होतं. दोनला एक बोट. तीनला दीड. कुणी हात लावला नाही, कुणी पाणी ओतलं नाही, आतलं तिथंच, आणि बाहेरचं आपलं आपण चढलं. मीही मशीन सोडून बघायला गेले. दाजींचा चेहरा उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पाण्याचा संशय आला होता.

ते खाली गेले आणि बॉयलरवाल्या काकांना म्हणाले, "तुम्ही काही सोडता का माझ्या नळीत?"

बॉयलरवाले काका तिथं पंचवीस वर्षं आहेत. त्यांनी फावडं बाजूला ठेवलं. "मी कशाला सोडू? नळी उन्हात आहे ना?"

"आहे. मग?"

"माझा बॉयलर खाली, गरम पाण्याची टाकी वर. मध्ये पंप दिसतो का कुठं?"

दाजींनी वर बघितलं, पाइपावरून नजर खाली आणली. पंप नव्हता.

"तापलेलं पाणी फुगतं," काका म्हणाले. "फुगलं की तेवढ्याच जागेत त्याचं वजन कमी. हलकं पाणी वर जातं, वरचं गार जड पाणी खाली येतं. पंचवीस वर्षं असंच चाललंय. तुमच्या नळीत ते वर निघून जाऊ शकत नाही, म्हणून जागच्या जागी उंच होतं. जिन्यातलं पाणी गार, जड. उन्हातलं हलकं. खाली कोठारात दोघांचा दाब सारखा लागायला हवा, नाहीतर पाणी थांबणार नाही. मग हलक्यानं काय करायचं? जास्त उंच उभं राहायचं."

दाजींनी पाइपाला बोट लावून बघितलं. मग म्हणाले, "हे तुम्ही म्हणता."

मला हसू आलं. काका मात्र चिडले नाहीत. लॉन्ड्रीत कपडे किलोवर घेतात, त्यासाठी मोठा काटा आहे. दाजींनी वीस लिटरचा स्टीलचा डबा काठोकाठ गार पाण्यानं भरून काट्यावर ठेवला. मग तोच डबा बॉयलरच्या पाण्यानं काठोकाठ भरला. अर्ध्या किलोहून जास्त कमी भरलं. त्यांनी डबा पुसला, काटा शून्यावर आहे का बघितलं, काटा उचलून दुसऱ्या जागी ठेवला आणि पुन्हा मोजलं. तेवढंच कमी. तिसऱ्यांदा मोजताना त्यांच्या हाताला चटका बसला आणि ते तिथंच पायरीवर बसले.

"माझ्या नळीतलं एवढं कुठं तापतं?" त्यांनी विचारलं.

"एवढं नाही तापत," काका म्हणाले. "पण एक मजला उंच आहे. तेवढ्या उंचीत दीड बोटाचा फरक पडायला चांगलं कोमट झालं तरी पुरतं."

इतकी वर्षं हे कळलं कसं नाही, असं मी विचारलं. दाजी म्हणाले, एरवी नळी जमिनीवरून जाते, हातभर वर येते. हातभर पाण्यात फरक पडला तरी तो रेघेच्या जाडीत लपतो. एक मजला खाली आणि एक मजला वर अशी नळी त्यांनी आधी कधी लावलीच नव्हती, आणि तीही एक बाजू सावलीत, एक उन्हात. सकाळच्या खुणेवरून दोरी ताणली असती तर हे झालंच नसतं. हे शेवटचं मी म्हणाले. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. दाजींनी माझ्या बोलण्यावर मान हलवलेली मी तरी दुसऱ्यांदा पाहिलेली नाही. मग ते मालकीणबाईंकडे गेले, आणि आमच्या सगळ्यांसमोर म्हणाले, "परवा मी बायकोला बोललो ते खोटं होतं. तिचं टोक बरोबर होतं. चूक माझ्याकडची." बाईंनी विचारलं, उतार कधी होईल? दाजी म्हणाले, सोमवारपासून वरचा थर फोडतो.

शुक्रवारी संध्याकाळी ते आमच्या दारात आले. ताईची पिशवी भरून पलंगाशी ठेवलेली होती. ह्यांनी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ऊन, बॉयलर, डबा, काटा. सांगता सांगता त्यांना उत्साहच चढला. हातानं नळीची उंची दाखवायला लागले. ताई ऐकत होती.

मग तिनं विचारलं, "आणि काट्यानं सांगितलं नसतं तर?"

दाजींचा हात तसाच हवेत राहिला. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता सापडले. त्यांनी हात खाली घेतला.

"तर अजून तिथंच बसलो असतो," ते म्हणाले. "तू चुकलीस असं बोललो खरं, पण गळ्याखाली उतरत नव्हतं. म्हणून तर राखण करत बसलो. दुसरा कुणी टोकाला असता तर मंगळवारीच थर फोडला असता." मग म्हणाले, "बोलायला नको होतं. वाईट बोललो मी."

ताई आत गेली. मी तिच्यामागोमाग गेले. मला वाटलं रडत असेल. ती पिशवीतून लेकीसाठी घेतलेलं कापड काढून बाजूला ठेवत होती, हे पोस्टानं पाठव म्हणाली.

"म्हणजे तू घरी निघालीस?" मी विचारलं. "एवढ्यात? चारचौघांत तुला खोटं पाडलं त्या माणसानं. तीन दिवस डबे मोजले तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं. आणि तू लगेच पिशवी उचलतेस?"

ताईनं पिशवीची चेन लावली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला लागलं.

"ह्यांनी निदान तोंडावर विचारलं," ती म्हणाली. "तुझ्या मनात काय चाललंय ते मला बुधवारपासून दिसत होतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

ती बाहेर गेली. दाजींनी तिच्या हातातून पिशवी घेतल्याचं मला आतूनच ऐकू आलं, ह्यांनी सावकाश जा म्हटल्याचंही ऐकू आलं. मला इतकी लाज वाटत होती की मी त्यांना पोचवायला दारापर्यंतसुद्धा गेले नाही.